अ‍ॅल्युमिनियममध्ये नॅनोट्यूब घालूनही बार लवकर तुटतो? आधी घनता बघा

गेल्या आठवड्यात बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका तरुण कारखानदाराने चार तुटलेले टेस्ट बार (ताकद मोजायला ओतलेल्या कांड्या) वर्तमानपत्रात गुंडाळून आणले आणि माझ्या टेबलावर मांडले. धातू एलएम२५, म्हणजे सिलिकॉन असलेला ओतकामाचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू; आत ताकद वाढावी म्हणून वजनाने अर्धा टक्का कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. "दादा, फेब्रुवारीत बरे आले होते की. मिरग लागल्यापासून एक बार धड येत नाही. आणि नळ्या न घातलेला साधा बार ह्याच्यापेक्षा जास्त ताण घेतोय."

ही तक्रार मी उद्यमबागेत गेल्या चार पावसाळ्यांत इतक्या जणांकडून ऐकली आहे, आणि स्वतःही इतकी भोगली आहे, की आता नीट लिहूनच काढतो. लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. तुटलेल्या तोंडावर मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात. लेथवर घेतला की पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, उघडी पडतात. मुशीवर काजळीसारखी काळी मळी जमते. कडकपणा एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. आणि पावसाळ्यात हे सगळं दुपटीने.

लोखंडाची सवय

मूळ कारण आधी सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढचे उपाय नुसते पाठ होतील. बेळगावचं ओतकाम म्हणजे मुख्यतः लोखंडाचं ओतकाम. आमची पिढी बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) भट्टीवर शिकली. बीडात कार्बन कमी पडला की काय करतो? कार्बुरायझर, म्हणजे कार्बनची भुकटी, टाकतो, रस (वितळलेला धातू) ढवळतो, थोड्या वेळाने नमुना घेतो. कार्बन रसात विरघळून गेलेला असतो. बीडात सव्वातीन-साडेतीन टक्के कार्बन सहज राहतो आणि थंड होताना तोच ग्रॅफाइट होऊन बाहेर येतो. हाताला हीच सवय लागलेली आहे.

अ‍ॅल्युमिनियममध्ये कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. टाकला तसा राहतो. त्यात भर म्हणजे वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम कार्बनला ओलंच करत नाही. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोल होऊन घरंगळतो, तसा हा रस कार्बनच्या पृष्ठभागावरून मागे सरतो. आपण ज्या तापमानाला ओततो, त्या ६८०-७२० अंश सेल्सिअसला तर हे हमखास होतं. रसाची घनता सुमारे २.३७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, नळ्यांची त्याहून कमी, शिवाय नळ्यांच्या गुंत्यात हवा अडकलेली. वरून पावडर टाकून ढवळलं तर ती वर येणारच. मुशीवरची काळी मळी म्हणजे बहुतेक वेळा तुमचे पैसे असतात.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम सांगणं हे: नॅनोट्यूब म्हणजे कार्बुरायझर नव्हे. ती रसात टाकायची वस्तू नाही, धातूत गुंडाळून आत पोचवायची वस्तू आहे.

गुंता किती मोठा असतो त्याचा एकदा हिशोब करून बघा. पाच किलो रसाला अर्धा टक्का म्हणजे २५ ग्रॅम नळ्या. पावडर इतकी हलकी की मोठा पेला भरून जातो. बहुस्तरीय नळ्यांच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग २०० चौरस मीटरच्या आसपास धरला, तर २५ ग्रॅमचा झाला ५,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५० गुंठे रान. एवढ्या रानाला पाच किलो धातूने सगळीकडून चिकटायचं आहे, आणि तोपर्यंत नळ्या एकमेकींना धरून बसलेल्या आहेत. नळी जितकी बारीक, तितकी ही आपसातली ओढ जोरात जाणवते. चमच्याने ढवळून ती सुटत नाही.

सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नळ्या जगापुढे आणल्या. २००० साली एकेका नळीला ओढून मोजलं, तेव्हा ताकद ११ ते ६३ गिगापास्कल आली. तिचा ताठपणा १,००० गिगापास्कलच्या घरात, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. हे आकडे वाचून माणूस हुरळतो, मीही हुरळलो होतो. पण ती ताकद एका सुट्या नळीची आहे. गोळा झालेल्या नळ्यांमध्ये भार एका नळीकडून दुसरीकडे जातच नाही, त्या एकमेकींवरून सरकतात. धातूच्या दृष्टीने असा गोळा म्हणजे भोकच.

पहिली तपासणी: पाण्यातलं वजन

बार तुटला की बहुतेक जण थेट कडकपणा मोजायला धावतात. त्याआधी घनता मोजा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, बादलीभर पाणी आणि बारीक तार एवढंच लागतं. बार हवेत तोला, मग तारेला टांगून पूर्ण बुडवून तोला. बाराला चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला तर ते लवकर सुटतात. हवेतल्या वजनातून पाण्यातलं वजन वजा करा, आणि त्या फरकाने हवेतल्या वजनाला भागा.

एलएम२५ ची घनता २.६८. अर्धा टक्का नळ्या गेल्याने ती फार तर २.६७ ते २.६८ च्या दरम्यान यायला हवी. मच्छेच्या त्या मित्राचे बार आम्ही तिथेच तोलले. एक बार हवेत २१४ ग्रॅम, पाण्यात १३१.७. भागाकार २.६०. म्हणजे जवळजवळ तीन टक्के पोकळी. एवढी भोकं असताना नळ्यांनी काही केलं की नाही हा प्रश्नच उरत नाही, आधी भोकं बुजवायला हवीत.

घनता बरोबर येऊनही ताकद कमी असेल, तर दोन शक्यता: नळ्या आत गेल्याच नाहीत, किंवा गेल्या पण गोळ्याने गेल्या. यातला फरक कळायला मी असं करतो. बाराच्या वरच्या टोकाचे आणि खालच्या टोकाचे लेथवरचे थोडे थोडे चिप्स वेगळे घ्यायचे आणि पातळ कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकायचे. बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढायला वापरतात तोच कॉस्टिक. अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, काळा गाळ खाली राहतो. दोन्ही टोकांचा गाळ शेजारी ठेवला की डोळ्यांनाच फरक दिसतो. सिलिकॉन आणि लोखंडाचे कणही त्यात असतात, म्हणून साध्या एलएम२५ चे चिप्स तिसऱ्या काचेच्या भांड्यात घालून बाजूला ठेवा, म्हणजे तुलना होईल. हे काम उघड्यावर करा. या क्रियेत हायड्रोजन सुटतो आणि द्रावण तापून उकळतं. गॉगल, रबरी हातमोजे घाला आणि आसपास विडी-काडी नको. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात हे करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच.

पावसाळाच का?

वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये, गोठण्याच्या उंबरठ्यावर, १०० ग्रॅमला सुमारे ०.६९ घनसेंटिमीटर हायड्रोजन मावतो. गोठलं की फक्त ०.०३६ च्या आसपास. जवळपास वीसपट फरक. उरलेला वायू जाणार कुठे? जिथे टेकायला जागा मिळेल तिथे बुडबुडा धरतो, आणि न भिजलेला नळ्यांचा गोळा म्हणजे त्याला तयार घरटं. म्हणून साध्या बारात जो ओलावा खपून गेला असता, तो नळ्यांच्या बारात खपत नाही.

हा हायड्रोजन पाण्यातून येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की शेडमधल्या प्रत्येक वस्तूला पाणी सुटतं. खानापूरकडे तर विचारूच नका. फ्लक्सची (रसातला कचरा काढायच्या क्षारांची) उघडी पिशवी हवेतलं पाणी ओढते. इनगॉट (धातूचे ठोकळे) रात्रभर फरशीवर पडलेले असतात. पळी ओली असते. आणि नळ्यांची पावडर, जिचा पृष्ठभाग गुंठ्यांत मोजावा लागतो, ती किती दमटपणा धरून बसत असेल याचा विचार करा. फेब्रुवारीत हे सगळं आपोआप सुकं असतं, म्हणून फेब्रुवारीचे बार चांगले येतात आणि माणूस समजतो की आपली पद्धत बरोबर आहे.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे, आणि मला त्याला पर्याय सापडलेला नाही. नळ्या वापरायच्या दिवशी १५०-२०० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये, तिथून थेट झाकणाच्या डब्यात. इनगॉट भट्टीच्या कडेला गरम करून मगच आत. पळी, प्लंजर, ढवळणी लेप लावून पुरती सुकवलेली. ढवळणी लोखंडी असेल तर लेप हवाच, नाहीतर लोखंड रसात उतरतं आणि त्याच्या ठिसूळ सुया होतात, मग तो दोषही नळ्यांच्या नावावर जातो.

आता एक चूक, जी मी स्वतः दोन वर्षं केली. नळ्या घालून झाल्यावर मी डीगॅसिंग, म्हणजे रसातून वायूचे बुडबुडे सोडून आतला हायड्रोजन काढणं, करत होतो. वाटायचं, शेवटी गॅस काढला की रस स्वच्छ. पण वर जाणारे बुडबुडे न भिजलेले कण स्वतःला चिकटवून वर घेऊन जातात. फ्लक्सही तेच करतो, त्याचं कामच परकी वस्तू रसाबाहेर काढणं आहे. मी घातलेल्या नळ्या मीच मळीत काढून टाकत होतो. डीगॅसिंग नळ्यांच्या आधी करा, सुक्या नायट्रोजनने किंवा आर्गॉनने. क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या वापरत असाल तर त्या मॅग्नेशियमही खातात, तेव्हा मॅग्नेशियमची भर गोळ्यांनंतर घाला. थोडं जादा मॅग्नेशियम रसाचा पृष्ठताण कमी करतं आणि कार्बन ओला व्हायला मदत करतं, म्हणून ते वाया जाऊ देऊ नका.

नळ्या आत कशा न्यायच्या

एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं बीड) ओतणाऱ्यांना हे पटकन कळेल. मॅग्नेशियम रसावर टाकलं तर भडकून उडून जातं, म्हणून आपण मॅग्नेशियमयुक्त फेरोसिलिकॉन लॅडलच्या (रस न्यायच्या भांड्याच्या) तळाच्या खाचेत ठेवतो, वर स्टीलचे तुकडे पसरतो आणि मग रस ओततो. वस्तू तळाशी धरून ठेवायची, रस तिच्यावर यायला हवा. आमच्या भट्टीवरच्या मामांनी ही तुलना केली आणि तिथून माझं गाडं मार्गी लागलं. ते म्हणाले, "वरून पेरू नको पोरा, खाली दाब."

मी सध्या असं करतो. नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवतो. अल्कोहोल काळं, एकसारखं दिसलं आणि पेला तिरका केल्यावर काचेवर कणी दिसली नाही की त्यात बारीक अ‍ॅल्युमिनियम पावडर घालतो. प्रमाण १०० ला ५ नळ्या. पाच किलोच्या ओतकामासाठी २५ ग्रॅम नळ्या आणि ४७५ ग्रॅम पावडर. अल्कोहोल उघड्यावर, ज्वाळेपासून लांब, सावकाश उडवायचं. मिश्रण बॉल मिलमध्ये कमी वेगाने, मध्ये मध्ये थांबवून. गोळे आणि पावडर यांचं वजन १० ला १. जास्त वेळ चालवलं की गोळा सुटतो खरा, पण नळ्याही तुटतात, आणि तुटलेली टोकं अ‍ॅल्युमिनियमशी लवकर रासायनिक क्रिया करतात. कॉलेजात रामन यंत्र (प्रकाशाने कार्बनची रचना तपासणारं) मिळालं तर आलेखातल्या १,३५० आणि १,५८० प्रति सेंटिमीटरच्या शिखरांची उंची मिलिंगच्या आधी आणि नंतर बघा. पहिलं शिखर दुसऱ्याच्या मानाने फार वाढलं असेल तर मिल जास्त चालली. पावडर दाबून वडी करणारे बरेच जण मिलमध्ये स्टिअरिक आम्ल घालतात. ओतकामाला ते नको, रसात गेल्यावर ते जळून गॅस सोडतं.

इथे थांबून एक इशारा. बारीक अ‍ॅल्युमिनियम पावडरचा धुरळा हवेत उडाला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. मिलची बरणी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, आणि उघडताना हळूहळू हवा आत जाऊ द्या, कारण आत नव्याने उघडं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम एकदम पेट घेऊ शकतं. सांडलेली पावडर पाण्याने धुऊ नका, झाडून गोळा करा.

मिश्रणाच्या हायड्रॉलिक प्रेसवर वड्या पाडतो, २०० अंशांवर तापवतो, अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतो. रस पूर्ण वितळवून डीगॅस करायचा, मग त्याचं तापमान उतरवायचं. एलएम२५ साधारण ६१५ ते ५५५ अंशांच्या दरम्यान गोठतं. ५९०-६०० वर ते पिठल्यासारखं दाट होतं. या दाट अवस्थेत वड्या घंटेसारख्या प्लंजरने तळाशी दाबायच्या आणि ढवळायचं. धातूचे अर्धवट गोठलेले कण नळ्यांना धरून ठेवतात, वर येऊ देत नाहीत. भोवरा खोल पडू देऊ नका, भोवरा हवा ओढतो. दहा मिनिटांनी ६९०-७०० पर्यंत तापवून लगेच ओता.

"लगेच" हा शब्द महत्त्वाचा. रस तापलेला ठेवून चहाला गेलात तर कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड होतं. कणभर झालं तर ते नळी आणि धातू यांना बांधून ठेवतं, त्याने फायदाच होतो. जास्त झालं तर नळीच खाल्ली जाते. शिवाय या कार्बाइडचं पाण्याशी वाकडं आहे. दमट हवेत ते फुटून अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मिथेन होतं. ओतल्यावर चांगले आलेले बार जुलैभर शेडमध्ये पडून मग तुटले, कडांवर करडी-पांढरी भुकटी दिसली, तर संशय इथे घ्या. रसात सिलिकॉन जास्त असलं की कार्बाइड कमी होतं. म्हणून साडेसहा-साडेसात टक्क्यांच्या एलएम२५ पेक्षा दहा ते तेरा टक्क्यांचं एलएम६ या बाबतीत सुरक्षित. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या रसात नळ्या घालण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

तुलना कशाशी करता?

हे मला फार मनापासून सांगायचं आहे, कारण इथे हुशार पोरांची वर्षं वाया जातात. नळ्यांचा बार आणि कपाटातला जुना साधा बार यांची तुलना करू नका. त्याच दिवशी, त्याच रसाचा, तितकाच वेळ दाट अवस्थेत ढवळलेला, नळ्या नसलेला बार ओता. नुसत्या ढवळण्यानेही कण बारीक होतात आणि ताकद बदलते. ती वाढ नळ्यांच्या खात्यावर जमा केली तर पुढच्या वेळी हिशोब जुळणार नाही.

आणि टी६, म्हणजे ओतल्यानंतर तापवून ताकद वाढवायची प्रक्रिया. गुरुत्व डायमधला (धातूच्या साच्यात नुसता ओतलेला) एलएम२५ जसा ओतला तसा किमान १६० मेगापास्कल देतो. त्यालाच ५३०-५४० अंशांवर तापत ठेवून, गरम पाण्यात बुडवून, १६०-१७० अंशांवर मुरवला की किमान २८०. ही वाढ फक्त ओव्हनने मिळते. पंपाच्या केसिंगला एवढी ताकद पुरत असेल तर मी सरळ सांगतो, नळ्या नकोत, चांगला ओव्हन घ्या. नळ्यांनी कमावलेली वाढ दाखवायची असेल तर टी६ केलेल्या साध्या बारापुढे दाखवा. टी६ मध्ये बारावर फोड आले तर समजा आत गॅस आहे, पाण्यातलं वजन तेच सांगेल.

हत्तरगीच्या बाजूला विमानांचे भाग बनतात, ते बघून बऱ्याच तरुणांना वाटतं आपणही ओतकामातून तिथे पोचू. त्या दर्जाच्या वापराला ओतकामापेक्षा पावडरचा रस्ता जवळचा: पावडर मिसळायची, गरम दाबायची, मग एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्याच्या भोकातून रेटून काढणं. धातू वितळत नाही, म्हणून नळ्या वर तरंगत नाहीत आणि कार्बाइडही कमी होतं. एक्स्ट्रूजनमध्ये नळ्या एका दिशेला वळतात, त्या दिशेला ताकद जास्त मिळते. यंत्रं महाग आहेत, पण कॉलेजांशी बोलून सुरुवात होऊ शकते.

धुरळ्याबद्दलही लिहितो, कारण शेडमध्ये कोणी विचारत नाही. या नळ्या श्वासातून फुप्फुसात जातात. अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेत घनमीटरला १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पंखा बंद, पावडर तोलताना पिशवी झाकणाच्या पेटीत. एकदा अल्कोहोलमध्ये भिजली की धोका बराच कमी होतो, म्हणून कोरडी हाताळणी जितकी कमी तितकं बरं. मदतीला येणाऱ्या पोरांनाही मास्क द्या, बारा-पंधरा मिनिटांचं काम असलं तरी.

मच्छेच्या मित्राला आम्ही तीनच बदल सांगितले: नळ्या आणि इनगॉट सुकवणं, डीगॅसिंग आधी, वड्या तळाशी. परवाच्या बारांची घनता २.६६ आली. ताकद अजून साध्या बाराच्या बरोबरीनेच आहे. गाळाची भांडी शेजारी ठेवली तर खालच्या टोकाचा गाळ फिकट दिसतो, म्हणजे नळ्या अजून वरच्या टोकाला जमतायत. ६०० वरून ७०० वर न्यायला त्यांना पंचवीस मिनिटं लागतात, तो वेळ आधी कमी करायचा आहे.

तुमचेही बार तुटत असतील तर विचारताना धातू कोणता, नळ्या किती टक्के, हवेतलं आणि पाण्यातलं वजन, नळ्या घातल्यापासून ओतेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि त्या दिवशी पाऊस होता का, एवढं नक्की लिहा.